बंद मशीनखाली माझा हात

ज्यांचा हात नुकताच मशीनमध्ये सापडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांचा सापडलेला नाही त्यांनी तर आधी वाचावं. हाड कसं जोडलं, कातडी कुठली काढून कुठं लावली, हे यात नाही. ते डॉक्टर सांगतात, न विचारता सांगतात. मला कुणी सांगितलं नाही ते हे, की अशा दुखण्यात वेदनेपेक्षा लाज जास्त दिवस टिकते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत आणि तिसरं वाकत नाही. हे सगळं डाव्या हातानं टाइप केलं आहे, त्यामुळे बराच वेळ लागला.

आमचं घर नळदुर्गला. हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं ट्रॉल्या, लोखंडी गेटं, ढाब्यांच्या भट्ट्या बनवत आले. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात थोडे दिवस नोकरी केली आणि परत येऊन त्याच शेडात मशीन बनवायला लागले. आमच्याकडं पोरगी वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभी राहिलेली कुणाला बघवत नाही. माझे थोरले चुलते, त्यांना सगळे नाना म्हणतात, ते तर दर आठवड्याला येऊन सांगायचे, "पोरीच्या जातीनं मशीनच्या नादाला लागू न्हाय." अण्णा मात्र गिऱ्हाइकाला म्हणायचे, "डिझाइन पोरीचं हाय. म्या नुसता हातोडा." हे म्हणताना त्यांची छाती फुगायची, आणि खरं सांगायचं तर माझीही.

मी बनवायचे ते पत्रावळीचं मशीन. हवेवर चालणारं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हवेचा सिलिंडर म्हणजे सायकलच्या पंपाचं उलटं काम. पंपात आपण दांडा दाबतो आणि हवा बाहेर जाते. इथं टाकीत दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये सोडतात आणि दांडा जोरानं पुढं येतो. आमच्या मशीनमध्ये तो वरून खाली येतो. त्याला एक जड लोखंडी ठोकळा लावलेला, खाली ताटलीच्या आकाराची डाय म्हणजे साचा, मध्ये कागद. पायाखालचं पेडल दाबलं की ठोकळा खाली, पेडल सोडलं की वर. एवढंच. हवेचा जोर दिसत नाही, आवाजही फुस्सकन होतो, म्हणून लोकांना ती गरीब वाटते.

खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या शेडात अण्णांची एक रीत असते. मशीन धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा सगळेच करतात. अण्णा शेवटी मशीनच्या पेडलवर डोकं टेकतात. त्यांचं म्हणणं असं, की जी आपल्या पोटाला देते तिला आपण वर्षभर पाय लावतो, तेव्हा एक दिवस पाय लागतो तिथंच कपाळ लावून माफी मागायची. ज्या यंत्राला पेडल नाही त्याच्या बैठकीला ते डोकं टेकतात. मला लहानपणापासून ही रीत आवडायची.

त्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाला मशीन चालवून दाखवलं होतं. मग पूजेची तयारी झाली. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मेन बंद केलाय. निवांत पूजा करा." आई ताट घेऊन उभी होती, नाना आलेले होते. हात आत जाऊ नये म्हणून पुढं लावलेली जाळी मी वर सरकवली, कारण कुंकू जाळीला लावून काय करायचं, ते डायला लागलं पाहिजे. कुंकू लावलं आणि डायच्या वाटीत झेंडूचं फूल ठेवायला हात आत घातला. तेवढ्यात अण्णांनी खाली वाकून दोन्ही तळवे पेडलवर ठेवले आणि कपाळ टेकलं.

ठोकळा खाली आला. अण्णा दचकून मागं झाले तसा तो वरही गेला. माझं ओरडणं मला आठवत नाही. आईच्या हातातलं ताट पडलेलं आठवतं, आणि नाना म्हणत होते ते, "आरं बंद हाय न्हवं, बंद हाय न्हवं."

बंद होतंच. वीज बंद होती. पण सकाळी भरलेली टाकी तशीच भरलेली होती, आणि आमच्या पेडलला वीज लागत नव्हती. पेडल थेट हवेचा रस्ता उघडायचं. हे मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. आमच्याकडं लाइट कधी जाईल त्याचा नेम नसतो. डाय गरम असताना लाइट गेली, तरी टाकीतल्या हवेवर पुढच्या पत्रावळ्या निघत राहाव्यात, एवढाच माझा हिशोब. गिऱ्हाइकाला मी मोठ्या कौतुकानं सांगायचे, "लाइट गेली तरी आमचं मशीन थांबत नाही." माझ्या हातावरही ते थांबलं नाही.

"कसं झालं?"

सोलापूरला नेईपर्यंत जीपमध्ये मला हे सगळं कळलेलं होतं. हात टॉवेलात गुंडाळलेला, आई देवीचं नाव घेत होती, आणि माझं डोकं टाकीपासून सिलिंडरपर्यंत नळीनं चाललं होतं. कुठं हवा तोडणारी एक चावी पाहिजे होती, ती दिसत होती. पेडलवर झाकण पाहिजे होतं, तेही. वेदनेत माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला नको तेवढं सुचत होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी टॉवेल सोडला, फोटो काढायला पाठवलं, फोटो बघितले. मग माझ्याकडं न बघता अण्णांना म्हणाले, "दोन बोटं वाचतील असं वाटत नाही. तिसऱ्यासाठी प्रयत्न करू." अण्णा खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, तसेच फरशीवर बसले. डॉक्टरांनी त्यांना धरून उठवलं आणि विचारलं, "झालं कसं?"

"माझ्या हातनं झालं, सायेब," अण्णा म्हणाले. "म्या पाया पडलो आन मशीन खाली आलं."

"मशीन चालू होतं?"

"न्हाय. बंद व्हतं."

डॉक्टरांना ते पटलं नसावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं: यांची काही चूक नाही, मशीनमध्ये खोट आहे आणि मशीन मी बनवलंय. मी डोळे मिटून घेतले. दुखत होतंच, पण डोळे त्यासाठी मिटले नव्हते.

का गप्प बसले, त्याचं कारण मी बरेच दिवस स्वतःला वेगवेगळं सांगत होते. गुंगी होती, बोलायची ताकद नव्हती, अण्णांना नीट समजलं नसतं. खरं कारण दाराशी उभं होतं. नाना तिथं होते. माझ्या तोंडून "माझी चूक" हा शब्द बाहेर पडला असता, तर तो रात्रीपर्यंत नळदुर्गात आणि सकाळपर्यंत सगळ्या पाहुण्यांत पोचला असता. जे जे म्हणत होते की हे पोरीचं काम नव्हे, ते सगळे खरे ठरले असते. मला बोटांपेक्षा ते जास्त झोंबलं असतं. असा विचार मी केला, फरशीवर बसलेल्या बापाकडं बघत केला.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात दिवस ट्रेच्या आवाजानं सुरू होतो. सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत येते, त्या ट्रॉलीचं एक चाक खडखडतं, आणि ज्याचं ज्याचं ड्रेसिंग असतं ती सगळी माणसं एकदम गप्प होतात. सुरुवातीला रोज डॉक्टर बोटांची टोकं दाबून रंग बघायचे. दाबलं की पांढरं आणि सोडलं की गुलाबी व्हायला पाहिजे. माझी दोन काही गुलाबी झाली नाहीत. ती काळी पडत गेली आणि एका सकाळी ती काढून टाकली. भूल उतरल्यावर नसलेल्या बोटाला खाज सुटली. हे कुणी तरी आधी सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला मी सांगते: खाज सुटते, ती खरी असते, आणि तुम्हाला वेड लागलेलं नसतं.

लाज कशाकशाची वाटावी? सलवारची नाडी आई बांधायची. मोरीत आई सोबत यायची. शाळेत असल्यापासून मी कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता, आणि आता केस विंचरायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. जेवण डाव्या हातानं. आमच्यात डाव्या हातानं घास घेतला तर लहान पोराच्याही हातावर चापट बसते. पहिल्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून जेवले.

शेजारच्या कॉटवर खैरूनबी खाला होत्या. आमच्याच नळदुर्गच्या, मांडीचं हाड मोडून पडलेल्या, पण दोन्ही हात आणि तोंड शाबूत. त्यांनी ते पाहिलं. "बेटी, इकडं तोंड कर," त्या म्हणाल्या. "भिंत काय घास भरवणार हाय का? डावा हात बी देवानंच दिल्याला हाय. खा चुपचाप."

रोज दुपारी त्या मला कॉटच्या कडेला बसवून माझी वेणी घालायच्या. वेणी घालता घालता सगळ्या वॉर्डाची उणीदुणी काढायच्या, डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करायच्या. मला त्या दिवसांतलं हसू तेवढंच आठवतं. मी अण्णांबद्दल त्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी एकदा त्यांनी विचारलं, "तुझा बाप आत का येत न्हाय गं? माणूस लई चांगला दिसतोय. बाहेर बसून बसून झाडासारखा झालाय."

अण्णा आवारातल्या लिंबाखाली कट्ट्यावर बसलेले असायचे. आत आलेच तर दारापर्यंत. माझ्या बँडेजकडं बघायचे आणि परत जायचे. खिडकीतून मला ते दिसायचे. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि नंतर ती दिसेनाशी होईना: ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. कुणी चहा दिला तरच एक हात बाहेर निघायचा.

घरातलं

दिवाळीच्या तोंडावर घरी आले. भेटायला माणसं येत होती. कुणी शहाळं आणायचं, कुणी बिस्किटं, आणि प्रत्येकजण एक कारण आणायचा. देवीचा नवस राहिला असेल. दृष्ट लागली. नाना सरळ अण्णांच्या तोंडावर म्हणाले, "एवढं बुद्धीनं काम करणारी पोर, तिचा हात तू घालवलास." म्हणजे आता माझी बुद्धीही नानांना मान्य झाली होती. बोटं जाऊन मला ती मिळाली. मी खाली बघत बसले.

आई तर अण्णांशी बोलतच नव्हती. ताट सरकवायची आणि मागं फिरायची. कधी बोललीच तर, "बघून तरी वाकायचं," एवढंच. माझी आई तोंडानं फटकळ, पण असं तोलून मापून टोचणारं ती कधी बोलत नाही, त्यामुळे ते जास्त लागायचं. अण्णा उलटून काही म्हणत नव्हते. हा माणूस पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर शेडापर्यंत बडबडत जायचा. आता कुणी काही बोललं की "व्हय" म्हणायचा. शेडाला कुलूप होतं. जेवण अर्ध्यावर आलं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. आई अण्णांना बोलली की मला वाटायचं आता ती माझ्याकडं वळेल. ती वळायची, पण दुधाचा पेला घेऊन.

टेकू

हॉस्पिटलात असतानाच मला एक भीती पडली होती. तसलं मशीन आमच्या शेडात एकटं नव्हतं. मी आणखीही विकली होती, आणि सगळ्यात जास्त चालायचं ते जळकोटच्या बचत गटाचं. तिथल्या कुसुमताई गटाच्या प्रमुख, करड्या आवाजाच्या आणि नीटनेटक्या. तिथं खंडेनवमीची भीती नव्हती. मी फोन केला तेव्हा पूजेत माझा हात गेल्याचं त्यांनी ऐकलेलं होतं, त्या स्वतःच म्हणाल्या, "आमी बौद्ध मान्सं, मॅडम. आमच्यात मशीनची पूजा न्हाय. आमाला कशाचा धोका?"

धोका मला माहीत होता. त्या बाया रोज संध्याकाळी डाय फडक्यानं पुसायच्या. आणि कसं पुसायचं ते मीच शिकवलं होतं: आधी मेन बंद करा, मग जाळी वर करा, मग हात घाला.

त्या वेळी मी अर्धं खरं बोलले. म्हटलं, "ताई, एक पार्ट बदलायचाय, तोवर मशीन चालवू नका." बाकीच्या गिऱ्हाइकांनाही हेच सांगितलं. का चालवायचं नाही, हे सांगितलं नाही. कुसुमताईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी तर बँडेजमध्येच झाकलेली होती.

घरी डाव्या हातानं मी दुरुस्तीचं चित्र काढायला बसले. पहिल्यांदा सोपं वाटलं. नळीवर एक चावी बसवायची, ती फिरवली की टाकीकडून येणारी हवा बंद आणि सिलिंडरमधली बाहेर. मशीन खरोखर बंद. मग लक्षात आलं की आपला ठोकळा वरून खाली येणारा आहे. त्याला वर धरून ठेवते तीही हवाच. हवा काढली, की तो स्वतःच्या वजनानं खाली बसणार. म्हणजे पुसणाऱ्या बाईच्या हातावर मी दुसऱ्या वाटेनं तेच आणून ठेवत होते. डाय पुसायच्या आधी ठोकळ्याखाली लोखंडी टेकू लागलाच पाहिजे, आणि तो असा पाहिजे की तो लावल्याशिवाय जाळी वर सरकणार नाही. त्या दिवशी मला स्वतःची फार भीती वाटली. एवढं होऊनही मी पहिल्या झटक्यात पुन्हा चुकले होते.

फडकं

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई सुरू झाली. एका सकाळी कुसुमताईंचा फोन आला.

"मॅडम, रागावू नका. ऑर्डरी आल्या म्हणून आमी मशीन चालू केलं. किती दिस थांबायचं? तुमी तर नीट काय सांगंना."

"बरं. मग?"

"काल सांजच्याला मेन बंद केला. माझी जाऊ डाय पुसत व्हती आन तिचाच पाय पेडलवर पडला. तर बंद मशीन खाली आलं की वो. फडकं धरलं. तिनं हात काढून घेतला म्हणून ऱ्हायला. सगळ्या बाया भ्याल्यात. ह्ये कसं काय?"

मी खाली बसून त्यांना म्हटलं, "ताई, आता कुणीही तिकडं फिरकू नका. मी आज येते आणि सगळं सांगते." मग उरलेल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून पहिल्यांदा खरं सांगितलं, की बंद केलं तरी ते बंद होत नाही आणि ही माझी चूक आहे. पण ही अनोळखी माणसं होती. अवघड माणूस ओसरीवर बसलेला होता.

मी अण्णांसमोर जाऊन बसले आणि एका दमात सांगितलं. टाकी, नळी, पेडल, लाइट गेली तरी चालावं म्हणून मी केलेला तो हिशोब. "तुम्ही फक्त पाया पडलात, अण्णा. तुमची काही चूक नव्हती. माझी होती, आणि मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती."

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मांडीखालचा एक हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगतीस," ते म्हणाले. "नको सांगू. तुला तरास हुतो."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा "व्हय, व्हय" म्हणाले, लहान पोराला म्हणावं तसं. इतके दिवस गप्प बसल्याचं हे फळ होतं. खरं बोलले, तर त्यांना ती माझी माया वाटली. मला वाटलं होतं सांगितल्यावर ते चिडतील, रडतील, काहीही करतील. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही.

जळकोट

टेम्पो अण्णांनीच चालवला. माझ्या हातून तो चालत नव्हता, आणि हत्यारंही त्यांनाच उचलावी लागणार होती.

गटाची खोली समाजमंदिराच्या मागं आहे. बाया दारातच उभ्या होत्या, आत कुणी जात नव्हतं. मी कुसुमताईंना मेन बंद करायला लावला, मशीनवरचा दिवा विझलेला सगळ्यांना दाखवला. मग त्यांच्याच भाजीच्या पिशवीतलं एक वांगं घेतलं, लांब काठीनं डायवर सरकवलं, लांब उभी राहून काठीनंच पेडल दाबलं. फुस्स झालं आणि वांग्याचा चेंदा झाला.

एकीनं पदर तोंडाला लावला. मी सांगायला सुरुवात केली, की यात वीज नसते तेव्हा हवा असते, आणि मेन बंद करून पुसा असं तुम्हाला शिकवणारी मीच. कुसुमताई माझ्या हाताकडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या वडलांनी पेडल दाबलं आन तुमचा हात गेला, आसं लोक म्हणत्यात, त्ये?"

अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन दारात येऊन उभे होते.

"वडलांनी बंद मशीनवर डोकं टेकवलं," मी म्हटलं. "बंद मशीनवर कुणी डोकं टेकवलं, पाय पडला, पोर खेळलं, तरी काही व्हायला नको. ते होऊ नये हे बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. आणि लोक त्यांना बोलत होते तेव्हा मी गप्प बसले, कारण मला माझ्या नावाची काळजी होती."

हे मी बायांना सांगत होते, पण त्यांच्याकडं बघून नाही. अण्णांनी पिशवी खाली ठेवली. ते आत आले, वांग्याकडं पाहिलं, बंद स्विचकडं पाहिलं आणि पेडलवर पाय ठेवला. ठोकळा खाली आला. पाय काढला, वर गेला. पुन्हा ठेवला. पुन्हा. दर वेळी टाकीतली हवा कमी होत होती आणि ठोकळा मंद होत होता. अण्णा थांबले नाहीत. शेवटी तो वर जाईना, दमल्यासारखा खाली बसून राहिला. तेव्हा त्यांनी पाय काढला आणि कुणाकडं न बघता बाहेर जाऊन टेम्पोत बसले.

परत येताना अर्ध्या वाटेवर त्यांनी टेम्पो कडेला घेतला. समोरून ट्रक जात होते, आवाजात ते आधी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं.

"म्या गावात मान वर केली न्हाय. तुझ्या आईनं माझ्यासंगं बोलनं टाकलं. नाना नको नको ते बोलला, म्या ऐकून घेतलं. म्हनलं, बराबर हाय, पोरीचा हात खाल्ला आपुन. आन तू खिडकीतून बघत व्हतीस."

"व्हय, अण्णा."

"म्या या हातांकडं बघत न्हवतो. भाकरी मोडायची लाज वाटायची मला. आन तुला ठावं व्हतं."

"व्हय."

ते ओरडत होते. खंडेनवमीपासून मी त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता. स्टिअरिंगवर त्यांनी दोन्ही हात आपटले. मी रडत होते, आणि तरीही मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जरा सुटल्यासारखं वाटलं, कारण एवढा राग माणसाला खोट्यावर येत नाही. त्यांना पटलं होतं.

आता

माझा हात आता बरा आहे, म्हणजे जेवढा होणार तेवढा झाला आहे. तिसऱ्या बोटाचा व्यायाम चालू आहे. डाव्या हातानं जेवायला मी आता भिंत शोधत नाही. तुमच्याकडं कुणी नुकताच हात जायबंदी होऊन घरी आला असेल, तर त्याला केळं सोलून देऊ नका, त्याला सोलू द्या, वेळ लागू द्या. आणि तुमच्या दुखण्याचा आळ कुणावर आला असेल आणि तो खरा नसेल, तर पहिल्याच दिवशी तसं बोला. दुसऱ्या दिवसापासून ते अवघड होतं, आणि पुढं पुढं ते कुणाला खरं वाटत नाही.

आई अण्णांशी बोलते. माझ्याशी थोडे दिवस बोलली नाही, ते मला ठीक वाटलं. नानांना सगळं कळलं आणि त्यांनी ते गावभर केलं. माझ्या अंदाजापेक्षा एक दिवस जास्त लागला. "पोरीचं काम" वगैरे सगळं ऐकावं लागलं आणि मी मेले नाही.

शेडाचं कुलूप निघालं. अण्णा आणि मी विकलेल्या प्रत्येक मशीनला चावी, टेकू आणि पेडलवरचं झाकण बसवत फिरतोय. पेडल दाबायला झाकणाखाली पाय मुद्दाम सारावा लागतो, चुकून पडत नाही. लाइट गेली की हवाही आपोआप तुटते, पत्रावळ्या थांबतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलतात. राग गेलेला नाही आणि मी तो जावा म्हणून काही करत नाही. प्रत्येक गावात ते आधी घरच्या सगळ्या माणसांना मशीनभोवती गोळा करतात, मला पुढं करतात आणि म्हणतात, "सांग." मग मी पहिल्यापासून सांगते. टाकी, पेडल, माझी बढाई, माझं गप्प बसणं. दर वेळी तोंड भाजतं.

परवा तुळजापूरकडच्या एका खेड्यात मी असंच सांगत होते. घरातल्या म्हातारीला माझी दया आली. तिनं माझा मोडका हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "जाऊ द्या आता. झालं गेलं. पोरीनं किती भोगलं."

अण्णा मागं नळी खोलत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जाऊ नका देऊ, मावशी. तिला पुरतं सांगू द्या."